कोळशात कालवलेला पाव

दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं एक तरुण गृहस्थ परवा घरी येऊन सांगून गेले. "दवाखान्यात उभी हयात गेली तुमची. विषप्रयोग, मारामाऱ्या, एखादी मोठ्या घरातली भानगड, असं काही असेलच की!" मी म्हटलं, "माझ्याकडे कोळसा आहे." गृहस्थांचा चेहराच पडला. कोळसा म्हटलं की सगळ्यांचा पडतो. सुवर्णभस्म म्हटलं असतं तर हेच गृहस्थ पाट पुढे ओढून बसले असते.

मागल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची ही हकिगत. ठाण्याला टेंभी नाक्याच्या अलीकडे एक धर्मादाय दवाखाना होता, तिथे मी कंपौंडर होतो. म्हणजे डॉक्टरांनी लिहायचं आणि मी खलायचं, गाळायचं, बाटल्या भरायच्या. औषध कडू लागलं तर शिव्या मला, गुण आला तर नारळ डॉक्टरांना. आगगाडी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण डोकी सगळ्यांची बैलगाडीतच बसलेली होती, माझं धरून.

औषधाचा कोळसा म्हणजे चुलीतला निखारा विझवून कुटलेला नव्हे. नारळाच्या करवंट्या मडक्यात भरायच्या, तोंड मातीनं लिंपून घ्यायचं, धुराला एवढंसं भोक ठेवायचं आणि मडकं भट्टीत चढवायचं. धूर यायचा थांबला की तेही भोक बुजवायचं आणि मडकं आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही. घाई करून उघडलंत तर आत वारा शिरतो आणि कोळशाची राख होते. चांगला कोळसा हाताला पिसासारखा हलका लागतो आणि जिभेला लावला तर चिकटून बसतो, कारण तो सगळा सूक्ष्म भोकांचा असतो. त्या भोकांत तो घाण, वास, वायू, सगळं ओढून घेतो. पण म्हणूनच त्याला घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावं लागतं. उघडा राहिला तर खोलीतलाच वास पिऊन बसतो, मग रोग्याच्या उपयोगाचा राहत नाही.

हे औषध खपवणं मात्र महाकठीण. "अहो, आमच्या चुलीत ढीग पडलाय याचा!" असं म्हणून लोक उठून जात. कचेरीतले एक शिरस्तेदार तेवढे नेमानं येत. त्यांना वाताचा त्रास. साहेब बोलत असताना मध्येच यांचं पोट बोले. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी मुंबईहून कोळशाची विलायती बिस्किटं मागवली. आता बिस्किट खाल्लं की माणूस बाटला, हे तेव्हा लहान मुलालाही ठाऊक होतं. म्हणून शिरस्तेदार आमच्या मागल्या खोलीत यायचे, दार लावून घ्यायचे, भिंतीकडे तोंड करून बिस्किट खायचे आणि बाहेर आल्यावर समोरच्याला नमस्कार करून हसायचे. काळेकुट्ट दात! बायकोला त्यांनी सांगितलं होतं की नवं दंतमंजन आहे. त्या बाईंनी एकदा मला रस्त्यात गाठून विचारलं, "कंपौंडर, ह्या मंजनाला विलायती तुपाचा वास कसा हो येतो?" मी कानावर हात ठेवले.

दुसरे एक गृहस्थ म्हणजे गटारांवर देखरेख करणारे ओव्हरसियर. त्यांना कुणीतरी कोळशाची जाळी बसवलेला मुखवटा दिला होता, नाकातोंडावर बांधायचा. त्यातून घाण वास येत नसे हे खरं, पण तो बांधून ते आळीत शिरले की पोरं किंचाळत घरात पळत आणि म्हाताऱ्या मीठमोहऱ्या ओवाळत. शेवटी त्यांनी मुखवटा ठेवून दिला आणि गटारांकडे जाणंच बंद केलं. तेवढ्यावर त्यांना बढती मिळाली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. धर्माचं प्रकरण तसं नव्हतं.

धर्मा हा खाडीकाठच्या गावातला आगरी, मिठागरात राबणारा. चिखलात शिंपल्यानं पाय कापला, त्यावर खारं पाणी, त्यावर कुणीतरी शेण बांधलेलं. दवाखान्यात आणला तेव्हा पोटरी हिरवीकाळी झाली होती आणि वास असा की रांगेतली माणसं औषध न घेताच बरी होऊन घरी गेली. आमचे डॉक्टर गोव्याचे ख्रिस्ती, बोलायला तुटक, हाताला मऊ. ते म्हणाले, "गुडघ्याखालून कापायला पाहिजे. थोडे दिवस पोटीस लावून बघतो. नाही जमलं तर कापणार."

धर्माबरोबर त्याची मुलगी सोनी आली होती. लग्न ठरलेली पोर. बापाचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. धर्मा मला म्हणाला, "कंपौंडरदादा, पाय गेला त मिठागरान उबा कसा रवू? पोरीचा लगीन तोंरावर हाय."

आता पोटीस म्हणजे काय, तर कोळशाची वस्त्रगाळ पूड, जवसाचं पीठ, उकळतं पाणी आणि पावाचा कुस्करा. हो, पाव! विलायतेतल्या पुस्तकात तसंच लिहिलेलं. पाव ओल धरून ठेवतो, ऊब धरून ठेवतो आणि कोळशाला जखमेवर बसवतो. पण आपल्याकडे विहिरीत पावाचा तुकडा पडला म्हणून अख्खं गाव बाटल्याच्या गोष्टी वसईपासून ठाण्यापर्यंत आज्या सांगायच्या. मी डॉक्टरांना म्हटलं, "पावाऐवजी भात घालून बघू या का?" बघितलं. भात सुकला, जखमेला चिकटला आणि काढताना धर्मानं अशी बोंब मारली की नाक्यावरचे टांग्याचे घोडे बुजले. डॉक्टर माझ्यावर उखडले. "पुस्तकात पाव आहे, पाव घाला. मी पाय बरा करतो, जात नाही."

मग पाव. रोज सकाळी पाववाला टोपली घेऊन यायचा. लोकांना वाटे डॉक्टर खातात. पोटीस बदलता बदलता वास गेला, मग हिरवेपणा गेला, मग खालून लाल मांस वर आलं. कोळशानं काही जादू केली नाही, एवढं लक्षात ठेवा. घाण ओढून घेतली, बाकीचं काम धर्माच्या अंगातल्या रक्तानं केलं. पाय वाचला. पोरगी रडली, धर्मा रडला, आणि मी कुणी बघत नाहीसं पाहून डोळे पुसले.

नेमका त्या सुमारास धर्माचा चुलता त्याला बघायला आला आणि त्यानं मला पाव कुस्करताना पाहिलं. म्हातारा पाणीसुद्धा न पिता परत गेला.

धर्मा दोन पायांवर चालत गावात गेला आणि गाव दोन पावलं मागे सरलं. विहिरीवर सोनीचा हंडा कुणी लावू देईना. मिठागरात धर्माच्या शेजारी कुणी उभं राहीना. सोनीचा होणारा सासरा पांडू पाटील हाच गावचा पंच. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. तो म्हणाला, "कल्याणचे भाऊशास्त्री बोलले का धर्मा चोख हाय, त लगीन लावू. नाय बोलले त माजा पोरगा दुसरीकरं देतंय."

सगळे कल्याणला गेले. भाऊशास्त्री पारनाक्याजवळ राहत. पंचक्रोशीत कोण शुद्ध, कोण अशुद्ध, हे त्यांच्या तोंडून ठरे. धर्माला त्यांनी अंगणातच उभं केलं, ओसरीवरूनच पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाव जखमेत भरला ना? जखम म्हणजे तोंडच. त्यातून आत गेलं ते खाल्लं. याला प्रायश्चित्त नाही." आणि ते जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी धर्मा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. "पाय वाचवलाव दादा," तो म्हणाला, "पन ठेवाला जागाच नाय रायली." असा राग आला होता मला, आणि कुणावर काढणार? मडक्यावर काढला, एक फुटलं. करवंट्या भाजायचा मला तसाही कंटाळा होता. मी डॉक्टरांना सांगून भट्टीचं काम धर्माला लावून दिलं. खोटं कशाला बोलू, महिन्याभरात तो माझ्यापेक्षा बरा कोळसा पाडायला लागला आणि मी तो माझा म्हणून डॉक्टरांना दाखवायला लागलो.

आणि मग भाऊशास्त्र्यांना काळपुळी झाली.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, हाताच्या पंजाएवढी. आधी लेप झाले, मग अंगारे झाले, मग वास सुटला. पाठशाळेतले विद्यार्थी एकेक करून आजारी आजीला भेटायला गावी गेले. सुनेला मळमळायला लागलं म्हणून ती माहेरी गेली. मुलगा तिला आणायला गेला, तो तिथेच राहिला. रोज ओसरीवर बसून पान खाणारी मंडळी समोरच्या बोळातून नाकाला उपरणं लावून जाऊ लागली. घरात उरल्या फक्त आक्का, शास्त्रीबुवांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या, अलवणातल्या. त्या घराचं सगळं सोवळं त्यांच्या दोन हातांवर उभं होतं. त्यांच्या हातचं जेवायला कल्याणातले कर्मठ लोक निमित्तं शोधायचे. आणि जीभ? भाऊशास्त्री तीच शास्त्र म्हणून वापरत असते तर निम्मं गाव सुधारलं असतं.

आक्कांनीच डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. इस्पितळात यायला शास्त्रीबुवांची तयारी नव्हती, तिथे विटाळ. मात्र ख्रिस्ती डॉक्टरांनी घरी येऊन चाकू लावला तर चालेल, कारण म्हणे शस्त्राला विटाळ नसतो. डॉक्टरांनी काळपुळी चिरली, घाण काढली आणि सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ ताजं, गरम पोटीस. माणूस इथे राहिला पाहिजे." ठाण्याहून माणूस पाठवायचा तर कोण? मी हजर होतो, पण मला दवाखाना. धर्मा म्हणाला, "मी जातंय."

"अरे, वेडा का खुळा तू?" मी म्हटलं. "त्यानं तुझी पोर घरात बसवली!"

"म्हनूनच जातंय. बरा झाला त बोलंल."

मी कपाळाला हात लावला. पहिल्या दिवशी त्याला घेऊन मीच गेलो. मागल्या पडवीत धर्मासाठी शेगडी मांडून दिली. शास्त्रीबुवा पालथे पडले होते. त्यांनी विचारलं, "कंपौंडर, यात असतं तरी काय?"

"कोळसा, जवस, आणि..."

"पुरे, पुरे! औषधात काय पडलं ते रोग्यानं विचारू नये."

मीच तेव्हा आगाऊपणे म्हटलं, की आपल्यासारख्यांसाठी भात घालूनही करता येतं. त्यांचा चेहरा उजळला. भात घातला. संध्याकाळी तो सुकलेला भात पाठीवरून काढताना शास्त्रीबुवांनी जे शब्द उच्चारले ते कुठल्याही संहितेत नाहीत. श्वास परत आल्यावर ते उशीत तोंड खुपसून म्हणाले, "त्या आगऱ्याचा पाय ज्यानं बरा झाला, तेच लाव." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि पायाशी शेगडी फुंकणाऱ्या धर्मानंही ऐकलं.

धर्मा तिथेच राहिला. मी अधूनमधून कोळशाची बाटली पोचवायला जायचो. सख्खा मुलगा ज्या पाठीजवळ येत नव्हता, ती पाठ धर्मा धूत होता. वास हटला तसे विद्यार्थ्यांच्या आज्यांना उतार पडला. सूनबाईंची मळमळ थांबली. ओसरीवर पानाचा डबा परत फिरू लागला. धर्मा रोज वाट बघत होता की आज बुवा बोलतील. बुवा बोलत होते, पण पाठ खाजते एवढंच. तिकडे पांडू पाटलानं निरोप धाडला, की मुलासाठी दुसरी पोरगी बघून ठेवली आहे, आता थांबणं नाही.

जखम भरल्यावर शास्त्रीबुवांनी घरी समाराधना घातली. आत ब्राह्मणांची पंगत, अंगणात कुळांची. पांडू पाटील दरसालची भाताची पोती घेऊन आला होता, तोही अंगणात जेवायला बसला. पुरणपोळ्या, वर तूप. आक्का एकट्या पहाटेपासून राबत होत्या. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. माझं पान मात्र खांबाआड, कारण दवाखान्यात सगळ्यांना शिवून शिवून मी अर्धा बाटलेला. धर्मा मागल्या पडवीत शेगडी आवरत होता.

जेवणं झाली, विडे फिरले. मी खांबाआडून बाहेर आलो. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. "शास्त्रीबुवा, आता सगळे आहेत. धर्माचं तेवढं सांगून टाका. पांडू पाटील बाहेर बसलेत."

बुवांनी विडा गालात सरकवला. "त्याचं प्रकरण वेगळं. त्याच्या जखमेत पाव गेला."

"आणि आपल्या?"

बुवा छान हसले. "माझ्या घरात पाव? काहीतरीच! मला भाताचं पोटीस होतं. तूच नाही का केलंस?"

केलं होतं, एक दिवस! आता मी कंपौंडर एकीकडे आणि भाऊशास्त्री एकीकडे. खरं कुणाचं मानणार लोक? अंगणात पांडू पाटील हात धुवायला उठत होता. मागल्या दारातून धर्मा बघत होता. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून आवाज आला. "भाऊ, खोटं बोलू नकोस. पाव होता."

आक्का ओसरीवर यायच्या नाहीत. त्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आल्या. कमरेला पदर खोचलेला, हात पिठाचे.

"आक्का, तू आत जा."

"जाते की. पण सांगून जाते. रोज सकाळ-संध्याकाळ पाव होता, आणि तो मी कुस्करत होते. ह्या हातांनी. आज पहाटे शेवटचा कुस्करला, हात धुतले आणि पुरण वाटायला बसले. बाटली असेन तर मला आधी घराबाहेर काढ. आणि ज्यांनी ज्यांनी पोळ्या खाल्ल्या त्यांचं काय करायचं ते तुझं तू बघ."

अहाहा! एकेकाचा हात पोटाकडे गेला. एक वयोवृद्ध गृहस्थ सहा-सात पोळ्या चढवून वर विडा चघळत होते, त्यांनी तो हळूच थुंकून टाकला. आणि मग, बुवांच्या आधी, पंगतीलाच शास्त्र आठवायला लागलं. कुणी म्हणे आपद्धर्म, कुणी म्हणे औषधाला दोष नसतो, कुणी म्हणे धुतला हात तो शुद्ध. जे भाऊशास्त्र्यांना धर्माच्या वेळी दिसलं नव्हतं, ते पोट भरलेल्या पंधरा-वीस माणसांना एकदम दिसलं.

बुवांचा चेहरा कोळशासारखा झाला होता. शेवटी ते खाकरले. "अग्नी हा सर्वभक्षक. अग्नीतून निघालेला कोळसा शुद्ध, आणि कोळशात जे मिसळलं ते कोळसाच झालं. त्याला पाव म्हणू नये."

"जरा मोठ्यानं सांगा," मी म्हटलं, "अंगणात ऐकू जात नाही."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. पांडू पाटील ओला हात तसाच धरून उभा होता. "म्हंजी आमी चोख?"

"चोख."

"आन् धर्मा?"

बुवांनी उंबऱ्याकडे पाहिलं. आक्का उंबऱ्यातच उभ्या होत्या, हललेल्या नव्हत्या.

"धर्माही," बुवा म्हणाले.

धर्मा मागल्या पडवीत मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. पांडू पाटील बाहेरून वळसा घालून मागे गेला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.

सोनीचं लग्न धडाक्यात झालं. आगऱ्यांची रीत अशी की लग्न लावायला धवलारीण लागते. म्हातारी बाई गाणी म्हणत म्हणत लग्न लावून देते. म्हणजे भाऊशास्त्र्यांची त्या मांडवात कुणाला गरजच नव्हती. तरी त्यांच्या एका शब्दावाचून मांडव उभा राहत नव्हता. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. धर्मा परत मिठागरात गेला आणि करवंट्यांची भट्टी माझ्या गळ्यात पडली.

पुढे काही दिवसांनी, घरात असू द्यावी म्हणून कोळशाची एक बाटली घेऊन मी कल्याणला गेलो असता आक्कांना भेटलो. माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतका आदर दाटून आला होता की विचारल्यावाचून राहवेना. मी पडवीच्या कडेला टेकलो. त्या लांब, तुळशीशी बसून वाती वळत होत्या.

"आक्का, धन्य तुमची. जन्मभराचं सोवळं, आणि तुम्ही पाव कुस्करलात!"

"मी?" आक्का केवढ्या दचकल्या. "शिव शिव! त्या घाणीला मी हात लावीन होय रे? तो धर्माच कुस्करायचा. मी नाकाला पदर लावून तिकडे उभी असायचे."

"म्हणजे भरल्या पंगतीत तुम्ही खोटं बोललात?"

"बोलले." त्यांनी वात वळून पुढची घेतली. "पोरीचं लग्न मोडत होतं. माझं सगळं मोडलं तेव्हा मी परकरात होते. घर भरून माणसं होती, सगळी खरं बोलणारी. माझ्यासाठी खोटं बोलायला एक पुढे आलं नाही."

कोळशाची बाटली खाली ठेवली आणि उठलो. दारातून मागे वळून पाहिलं, तर आक्का तांब्या घेऊन आल्या होत्या आणि मी टेकलो होतो त्या जागेवर पाणी शिंपडत होत्या.